आतल्या घडीतलं अक्षर

वन्सं, तुम्ही मला फसवलंत. माझ्याच गाठोड्यातला फ्रॉक रंगवलात, साताऱ्याचा म्हणून मलाच परत दिलात, आणि तो अंगात घालून माझी मुलगी सांगलीतल्या पंचवीस मुलींसमोर उभी राहिली. पाच वर्षं मी हेच म्हणत आले. तुम्ही गेलात म्हणून त्यातला एक शब्द बदलणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात. ते बोलणारे पुष्कळ आहेत, दहा दिवस तुमच्या खोलीत तेच चाललं आहे. शेजारची म्हातारी तर तुम्हाला गरीब गाय म्हणाली. मी तोंड फिरवलं. तुम्हाला गाय म्हणणारीने तुम्हाला कधी कुणाच्या दारात लुगडं उजेडाकडे धरून बघताना पाहिलेलं नाही.

आपल्या दोघींचं बोलणं कधी गोड नव्हतं. तुमचा भाऊ माधवनगरच्या मिलमध्ये होता. तो गेला तेव्हा रंजू दोन वर्षांची होती. तुमचे यजमान त्याआधीच मिलिटरीत खपलेले, साताऱ्यात एका खोलीत तुम्ही एकट्या. भावाचे दिवस झाले, पाहुणे पांगले, तुम्ही राहिलात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि विचारलंत, "शांते, रडून झालं असंल तर सांग. काय येतंय तुला?"

मला स्वयंपाक यथातथा येत होता. शिवण येत नव्हतं. सातवी पास होते, पण सातवीवर कोण नोकरी देणार? मी रागाने म्हटलं, मला फक्त भांडता येतं.

"मग त्योच धंदा कर," तुम्ही म्हणालात.

जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचा धंदा आपण असा सुरू केला. पहिली पाटी माझ्या डोक्यावर होती, हे साताऱ्यात तुमच्या शेजारणींना माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. स्टीलचा चमचा नव्या नवरीसारखा पुसून वर ठेवायचा आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी खाली दडवायची, हे मी शोधलं. बाई "नको" म्हणाली तरी पाटी उतरवून उंबऱ्यावर बसायचं आणि सौदा झाल्याशिवाय उठायचं नाही, हे मात्र तुमचं. तुम्ही बसलात की घरातली बाई आधी हसायची, मग चिडायची, मग आत जाऊन आणखी एक शर्ट घेऊन यायची. एका घरी तुम्ही बसलात ते त्या बाईचा भात शिजून, उतरून, तिचा नवरा जेवून गेला तरी हलला नाहीत. शेवटी ती म्हणाली, ही दोन लुगडी घ्या, पण माझ्या दारातून उठा. मी एवढी भांडखोर, पण तसं बसणं मला कधी जमलं नाही. मला राग येतो आणि मी उठते.

नियम मात्र माझा. गावचं कापड गावात फिरवायचं नाही. सांगलीची गाठोडी साताऱ्याला यायची, तुम्ही ती धुऊन, उसवून, रंगवून वाईच्या आणि वडूजच्या बाजारात विकायच्या. साताऱ्याची गाठोडी मी माधवनगरला मिलवाल्यांच्या बायकांना विकायची. कारण सोपं होतं. ज्या घरातून कपडा आला त्या घरच्या माणसाला तो दुसऱ्याच्या अंगावर दिसता कामा नये. देणाऱ्याला वाईट वाटतं आणि घालणाऱ्याची मान खाली जाते. दुष्काळाच्या साली लोक फाटकं धोतरही टाकायला तयार नव्हते, पाटी भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची, तेव्हासुद्धा आपण हा नियम मोडला नाही.

महिन्यातून एकदा आपण कराडच्या स्टँडवर भेटायचो. तुमची गाडी साताऱ्याहून, माझी सांगलीहून. गाठोड्यांची अदलाबदल व्हायची, पण त्याआधी तासभर भांडण. तुझं गाठोडं हलकं, माझं जड. तुझ्यात नुसत्या बंड्या, माझ्यात दोन जरीकाठी. एकदा एक कंडक्टर मध्ये पडला आणि म्हणाला, मावशी, घरातली भांडणं घरात करा. तुम्ही त्याला म्हणालात, "आवं, ह्येच घर हाय आमचं." मग आपण भजी खाल्ली. त्यालाही दिली. वन्सं, त्या स्टँडवरच्या भज्यांनंतर मला कशाला चव लागली असं मी म्हणू शकत नाही. पण ते असो.

मंडळाचं खूळ माझं होतं. ते मी कबूल करते.

सांगलीला विश्रामबागेकडे फिरताना एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता मुलींचं मंडळ भरलेलं दिसायचं. बाहेर फळा, त्यावर खडूने लिहिलेलं, "सर्व मुलींसाठी." आठ ते बारा वयाच्या मुली सतरंजीवर गोल करून बसलेल्या. कधी भरतकाम, कधी गाणं, कधी कागदाची फुलं, आणि शेवटी खो-खो. चालवणाऱ्या बाई शाळेतच शिकवायच्या. मी पाटी घेऊन दाराशी थांबायची, विकायला नव्हे, बघायला. आठ वर्षं मी सांगलीतलं प्रत्येक घर दारातून बघितलं होतं. कुठे सोफा आहे, कुठे रेडिओ आहे, कुठे सासू आजारी आहे, सगळं मला उंबऱ्यावरून माहीत. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. रंजू दहा वर्षांची झाली तेव्हा मी ठरवलं की ही सतरंजीवर बसेल.

बाई म्हणाल्या, जागा नाही. मी म्हटलं, सतरंजी केवढी आहे ते मला दिसतंय. त्या म्हणाल्या, वर्ष सुरू झालं आहे. मी म्हटलं, सुरू होऊन दोन आठवडे झालेत, मुलगी हुशार आहे, दोन आठवड्यांचं दोन दिवसांत भरून काढेल. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. मग मी घटकाभर तुमच्यासारखी दारात बसले. मंडळाचा चहा एका पोचे पडलेल्या जर्मनच्या पातेल्यात उकळत होता, तो मला दिसला. दुसऱ्या शनिवारी मी स्टीलचं मोठं पातेलं घेऊन गेले, झाकणासकट. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा कुणाला भांडं दिलं आणि बदल्यात कपडा मागितला नाही. बाईंनी पातेलं उलटंपालटं करून बघितलं, आणि रंजूला म्हणाल्या, चप्पल बाहेर काढून आत ये.

कराडला हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, झाकणासकट? मी म्हटलं, झाकणासकट. तुम्ही बोटांवर हिशेब केलात आणि म्हणालात, "लय महागात पडली जागा. पण घेतलीस ते ब्येस केलंस."

आता फ्रॉकचं. रंजू मंडळात जायच्या आधी, मे महिन्यात, विश्रामबागेतल्या एका घरातून मी एक पिवळा पॉपलिनचा फ्रॉक घेतला होता. लेसची कॉलर, छातीवर चुण्या. घरातल्या मुलीचं नाव अनुराधा, तिला तो आखूड झाला होता. संध्याकाळी गाठोडं बांधताना रंजूने तो उचलला आणि अंगाला लावून बघितला. मी ओढून घेतला. ती रडायला लागली. मी म्हटलं, हा सांगलीचा आहे, साताऱ्याला जाणार. ती म्हणाली, पण मंडळात जाईन तेव्हा काय घालू, तिथे सगळ्या मुली चांगले फ्रॉक घालतात. तेव्हा मी तिला म्हटलं की नियम मोडायचा असेल तर शाळा सोड, मंडळ विसर, उद्यापासून पाटी घे डोक्यावर. हे मी तिला नेहमीच म्हणायची. दूध सांडलं तरी म्हणायची. तो फ्रॉक गाठोड्यात गेला आणि मी विसरले.

जूनमध्ये कराडला रंजूला सोबत आणलं होतं. मी गाठोडी मोजत असताना ती तुमच्या कानाशी लागली होती. मला वाटलं, बर्फाच्या गोळ्यासाठी लाडीगोडी चालली आहे.

जुलैमध्ये तुम्ही गाठोड्याच्या वर एक वेगळं पुडकं ठेवलंत. त्यात गडद हिरवा फ्रॉक. लेस नाही, कॉलर साधी, कंबरेला पट्टा. "साताऱ्याच्या वकिलाच्या घरचा हाय," तुम्ही म्हणालात, "रंजीला घाल. लय उठून दिसंल." मी कपडा चिमटीत धरला, शिवण बघितली आणि म्हटलं, वकिलाची मुलगी जपून वापरते दिसतंय. मी, जी नुसत्या किनारीवरून लुगडं कोणत्या आळीतलं ते सांगते, ती तो कपडा दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातात धरूनही ओळखू शकले नाही. तुमच्या रंगाच्या पुडीचं कौतुकच करायला हवं.

त्या मंडळाची एक पद्धत होती. नव्या मुलीने पहिलं भरतकाम रुमालावर करायचं नाही. आपल्याच फ्रॉकचा खालचा काठ उलटायचा आणि आतल्या घडीत, कुणाला दिसणार नाही असं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर दोऱ्याने काढायचं. बाई सांगायच्या, चुकलं तरी झाकलेलं राहतं. मंडळातल्या प्रत्येक मुलीच्या फ्रॉकमध्ये असं एक वेडंवाकडं अक्षर होतं.

रंजूची पाळी आली. तिने सुई ओवली, काठ उलटला, आणि तिथे आधीच एक अक्षर होतं. अ. दोरा मूळचा लाल असावा, रंगात बुडून काळपट झाला होता. शेजारच्या मुलीने वाकून बघितलं आणि म्हणाली, तुझं नाव तर रंजना आहे. मग अनुराधा उठून आली. तिला आपलं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही, अ ची काठी तिने डावीकडे कलवली होती आणि बाईंनी तेव्हा तिला हसून चालेल म्हटलं होतं. ती म्हणाली, बाई, हे माझं आहे, हा आईने बोहारणीला दिलेला फ्रॉक.

मुली हसल्या. सगळ्या नव्हे, रंजूने मला नंतर सांगितलं, सात-आठच. तिने मोजल्या होत्या. अनुराधा हसली नाही म्हणे. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं, रंजूला आपल्याजवळ बसवलं आणि तिला कागदाची फुलं करायला दिली. जाताना तिला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी स्वतःचे कपडे घालून ये हं."

हे वाक्य रंजूने घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचे. त्या फ्रॉकवर मी झाकणाचा डबा दिला होता, वन्सं. दोन शर्ट आणि तो फ्रॉक, यांवर डबा. भर दुपारी अर्धा तास घासाघीस करून. मग तो कुणाचा होता?

पुढच्या शनिवारी रंजू गेली नाही. मी गेले. चहा उकळत होता. मी बाईंना म्हटलं, पातेलं माझं आहे, मंडळाने स्वतःची भांडी वापरावी. त्या उभ्याच राहिल्या. मी चहा पायऱ्यांवर ओतला, पातेलं पालथं करून निथळलं, झाकण मागितलं, झाकण दिलं त्यांनी, आणि मी निघाले. पंचवीस मुली बघत होत्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. माझ्या आयुष्यात इतकं चोख उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

त्यानंतरच्या भेटीला कराडला मी फ्रॉक घेऊन आले. भर स्टँडवर काठ उलटा करून तुमच्या तोंडासमोर धरला. म्हटलं, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, मला वाटलं रफू हाय. मी म्हटलं, रफू? हे अक्षर आहे. तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं, हे मला माहीत होतं, तुम्ही पोस्टात अंगठा लावायच्या. पण त्या क्षणी मला ती सबब वाटली. मी म्हटलं, माझंच कापड रंगवून मला देता, वर साताऱ्याच्या वकिलाचं नाव सांगता, घरच्या पोरीला गिऱ्हाईक समजता? मला वाटलं तुम्ही उलटून बोलाल. तुम्ही नेहमी बोलायच्या. तुम्ही फक्त म्हणालात, "व्हय, केलं म्या. म्होरं काय म्हणणं हाय तुजं?"

मी म्हणायचं ते सगळं म्हटलं. बायका गोळा झाल्या. तुम्ही गाठोड्यावर बसून ऐकत राहिलात. मी दमले तेव्हा तुम्ही विचारलंत की बाई नेमकं काय म्हणाल्या होत्या. मी सांगितलं. तुम्ही दोनदा वदवून घेतलंत. मग म्हणालात, "ये म्हणली हुती की गं ती. घालून ये म्हणली. पातेलं आणलंस माघारी, अन् पोरीची जागा घालवून आलीस."

त्या वाक्यासाठी मी तुमच्याशी पाच वर्षं बोलले नाही. फ्रॉकसाठी नव्हे. आता सांगते, कारण आता तुम्ही त्यावर काही म्हणू शकत नाही.

धंदा बंद केला नाही. तेवढी अक्कल दोघींना होती. गाठोडं साताऱ्याहून गाडीवर टाकलं जायचं, माझं इकडून जायचं. तोच कंडक्टर, आपल्याबरोबर भजी खाल्लेला, मध्ये. पहिल्या दिवाळीला तुम्ही रंजूसाठी बांगड्या पाठवल्यात, मी त्या पुढच्या गाठोड्यात तशाच बांधून परत केल्या. दुसऱ्या दिवाळीला परत पाठवल्यात, परत केल्या. तिसऱ्या दिवाळीपर्यंत त्या रंजूच्या हातात जाईनाशा झाल्या असत्या. तरी त्या आल्याच. मी दुकान घेतलं तेव्हा तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही गाठोड्यात नारळ टाकलात. कंडक्टरने सांगितलं असणार.

आणि मी तुमच्यावर आणखी एक संशय घेत होते, तोही सांगून टाकते. त्या वर्षापासून तुमच्याकडून येणाऱ्या प्रत्येक फ्रॉकचा, परकराचा, झबल्याचा काठ उसवून पुन्हा घातलेला असायचा. नवा दोरा, बारीक टीप. मला वाटलं, काठ सोडून कपडा लांब दाखवायचा आणि मोठ्या मापाचा म्हणून माझ्या गळ्यात घालायचा, ही तुमची नवी युक्ती. मी मापं घेऊन बघितली. कपडा बोटभरही लांब झालेला नसायचा. तरी मी म्हटलं, काहीतरी असणारच. तुम्ही उगीच सुई हातात घेणाऱ्यांतल्या नव्हता.

या महिन्यात गाठोडं आलं नाही. कंडक्टर दुकानात आला आणि टोपी काढून उभा राहिला. आम्ही दोघी पोचलो तोवर तुम्हाला नेऊन झालं होतं.

सातव्या दिवशी तुमची खोली आवरायला घेतली. कोपऱ्यात अर्धं बांधलेलं गाठोडं होतं, माझ्यासाठीचं. वर एक लहान मुलीचा परकर, काठ अर्धा उसवलेला, सुई तशीच टोचलेली. मी म्हटलं, बघ, शेवटपर्यंत माप वाढवत होत्या. रंजू खाली बसली. पंधरा वर्षांची मुलगी, दहावीला आहे, माझ्यापेक्षा वितभर उंच, आणि तो परकर मांडीवर घेऊन ती काठाच्या आत बोट फिरवायला लागली, तुम्ही फिरवत असाल तसं. मग म्हणाली, आत्ती अक्षर शोधायची, आई. वाचता यायचं नाही ना, म्हणून प्रत्येक काठ उसवून बघायची. आत कुठेही, कसलाही टाका दिसला की काढून टाकायची.

मी विचारलं, तुला काय माहीत?

तेव्हा तिने सांगितलं. तो पिवळा फ्रॉक तिनेच तुमच्याकडे मागितला होता, त्या जूनमध्ये, तुमच्या कानात. आईला कळणार नाही असा करून दे म्हणाली होती. आणि आईला कधीच सांगणार नाहीस अशी शपथ घातली होती, माझ्याच गळ्याची. दहा वर्षांची होती. शपथ घातली की ती सोडवताही येते, "सुटली" म्हटलं की झालं, हे सगळ्या मुलींना माहीत असतं. मी तिला म्हटलं, पाच वर्षं तुझ्या तोंडातून एवढं "सुटली" निघालं नाही?

ती म्हणाली, निघालं होतं. आठवीत शाळेची सहल अजिंक्यताऱ्यावर आली, तेव्हा ती गड उतरताना मुलींतून निसटून तुमच्या खोलीवर आली होती. तुम्ही तिला चहात बुडवून पाव दिलात. ती म्हणाली, आत्ती, शपथ सुटली, आता आईला सांग. आणि तुम्ही म्हणालात, "नगं सोडवूस. तुज्या आईचा राग मला सोसतोय. तुला सोसायचा न्हाई. शाळा सोडून पाटी घ्यायला लावंल ती."

रंजूने हे सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली, दूध सांडल्यावर बघायची तशी.

वन्सं, आज तुमचा दहावा. सगळे नदीवर गेले आहेत. रंजूलाही त्यांच्याबरोबर पाठवलं आहे. काल तिला विचारलं की त्या मंडळात पुढे काय शिकवायचे. म्हणाली, मला तीनच शनिवार मिळाले, आई, मला काय माहीत. पातेलं आमच्या दुकानात मागच्या फळीवर आहे, झाकणासकट, विकलेलं नाही. पण मला आज बाईंना काही विचारायचं नाही. अनुराधालाही नाही. त्यांनी जे केलं ते माझ्यासमोर केलं, आणि मी त्याचं उत्तर पायऱ्यांवर ओतून आले.

मला तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही आयुष्यभर कुणाला एक चमचा जास्त दिला नाहीत. मग दहा वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर माझी पाच वर्षं कुणाच्या परवानगीने देऊन टाकलीत? मी दोन दिवस ओरडले असते. चार दिवस म्हणा. एक थोबाडीत दिली असती. मग आपण कराडला भेटलो असतो आणि मी तुमच्याशी भांडले असते, रीतसर, भजी खाऊन. ते सगळं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत, मला न विचारता.

आणि तिला म्हणालात, शाळा सोडून पाटी घ्यायला लावंल. मी ते म्हणायची, हे खरं आहे. रोज म्हणायची. पण तुम्ही तर मला ओळखत होता. दारातली बाई "नको" म्हणते त्यात किती खरं नको असतं आणि किती नुसतं तोंडचं, हे साऱ्या मुलखात तुमच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मग माझ्या बोलण्यातलं तुम्हाला कळलं नाही, की कळूनही तुम्ही धोका घेतला नाहीत?

मी तुमच्या उंबऱ्यावर बसले आहे. पाटी नाही, पण तुम्ही बसायच्या तशीच बसले आहे, दाराच्या मधोमध, कुणाला आत जाता येऊ नये अशी. आज मला राग आला आहे आणि तरी मी उठलेले नाही. मी खरंच तिची शाळा सोडवली असती, असं तुम्हाला वाटत होतं का? सांगा. तेवढं एक सांगा. सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही.